अंदाजपत्रकाच्या वाटेने आलेला कायदा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला नागरिकशास्त्र शिकविले. कायदा काय म्हणतो याबरोबरच तो कोणत्या वाटेने आला हेही विचारा, असा त्यांचा आग्रह असे. आजचा विषय त्या आग्रहातून निघाला आहे, आणि थोडा घरातूनही. माझी मुलगी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका प्राथमिक शाळेत शिकविते. कोणी बंदूकधारी शाळेत शिरल्यास दार लावून, दिवे मालवून मुलांना भिंतीशी गप्प कसे बसवावयाचे, याचा सराव तिला दरवर्षी अनेकदा घ्यावा लागतो. तेव्हा या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शस्त्रे हा विषय आपल्या घटनेने संघसूचीत घातला आहे. आपल्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेला त्यावर स्वतंत्र कायदा करता येत नाही. अमेरिकेत मात्र संघराज्याच्या घटनेची मर्यादा पाळून प्रत्येक राज्य आपापला बंदूक-कायदा करते. तेथील राज्यपाल लोकांनी निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो, आपल्यासारखा नियुक्त नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आता अंदाजपत्रकाचा बंदुकीशी संबंध काय? बंदुकीचे विधेयक समितीत वर्षानुवर्षे पडून राहू शकते. अंदाजपत्रक तसे ठेवता येत नाही. ते मंजूर झाले नाही तर राज्याचा कारभारच थांबतो. न्यूयॉर्कचे आर्थिक वर्ष आपल्याप्रमाणेच १ एप्रिलला सुरू होते, आणि तोवर अंदाजपत्रक झाले नाही तर आमदारांचे वेतन अडकते. विधेयकांचा मसुदा राज्यपालाचा. विनियोजन विधेयकातील रक्कम विधिमंडळाने कमी करावी वा गाळावी. मजकूर मात्र आपल्या मताने बदलता येत नाही. २००४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने या बाबतीत राज्यपालाचाच पक्ष उचलून धरला. सोबतच्या धोरणविषयक विधेयकांत दुरुस्ती करता येते, पण तीही त्याच मोठ्या सौद्यात. म्हणून ज्याला बंदुकीवर उघड मत द्यावयाचे नसते, तो शाळांच्या अनुदानाला ‘हो’ म्हणतो आणि त्याच ‘हो’मध्ये बंदुकीचे कलमही पार पडते. २०२२ च्या अंदाजपत्रकात बंदुकांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धची कलमे अशीच आली.

घाईचे फळ पाहावयाचे तर २०१३ साल पाहावे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील सँडी हुक शाळेत २० बालके आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले. विधेयक तीन दिवस सदस्यांपुढे असावे, हा न्यूयॉर्कच्या घटनेतील नियम. पण राज्यपालाने निकडीचा संदेश दिला की तो बाजूला सरतो. तसा संदेश देऊन १५ जानेवारी २०१३ रोजी नवा कायदा झालाही. त्यात सातांहून अधिक काडतुसांची मॅगझिने विकण्यास १५ एप्रिलपासून बंदी होती. मग ध्यानात आले, की सात काडतुसांची मॅगझिने बाजारात जवळजवळ मिळतच नाहीत! चूक निस्तरली मार्चअखेरच्या अंदाजपत्रकाने: दहांचे मॅगझिन विकता येईल, पण एरवी त्यात सातच भरावी. ही विचित्र मर्यादा ३१ डिसेंबर २०१३ रोजी संघराज्याच्या एका न्यायाधीशाने रद्द केली. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग राखला. सातांची अट मात्र गेली ती गेलीच. तीन दिवस चर्चा झाली असती, तर एखाद्या दुकानदारानेही ही चूक दाखवून दिली असती, असे मला वाटते.

आपण हसू नये. २०१६ मध्ये आधार कायदा धन विधेयक म्हणून आला, त्यामुळे राज्यसभेला केवळ शिफारशी करता आल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते मान्य केले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र विरोधी निकाल लिहिला.

हे सारे मी मुलीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, समितीतून विधेयक बाहेर येईपर्यंत माझ्या वर्गातली मुलं कॉलेजात जातील.” तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात नेमके हेच घडत होते. असॉल्ट रायफलींवरील बंदीची विधेयके वर्षामागून वर्षे अडत. जानेवारी २०२५ मध्ये राज्यपाल डॅन मकी यांनी ती बंदी आपल्या अंदाजपत्रकातच घातली. विधिमंडळाने ती तेथून काढली. पण फेकून दिली नाही. स्वतंत्र विधेयक म्हणून ती दोन्ही सभागृहांत चर्चेला आली. सिनेटने ती सौम्य केली: निर्मिती आणि विक्री बंद, जवळ बाळगण्यास मनाई नाही. मुलीला हे फारच थोडे वाटले. २६ जून २०२५ रोजी राज्यपालांची सही झाली आणि अंमल १ जुलै २०२६ पासून ठरला. कोणी बाजूने मत दिले, कोणी विरुद्ध, याची नावनिशीवार नोंद त्या एका विधेयकापुढे आहे.