थंडीच्या दिवसांत गाडीची निगा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपल्या धंद्याच्या दृष्टीने धावपळीचे असतात. लग्नसराई सुरू झालेली असते, गावोगावच्या जत्रा लागतात आणि सुगी झाल्याने आठवडे बाजारातही गिऱ्हाईक असते. कसब्यातून सातारा, बारामती किंवा दौंडकडे माल घेऊन निघणारा व्यापारी बाजार भरण्याच्या आत पोहोचावे म्हणून पहाटे चार-साडेचारला गाडी काढतो. आणि नेमकी त्याच वेळी गाडी रुसते. सेल्फ मारला की 'टक टक' असा आवाज येतो, दिवे मंद होतात आणि पुढचा एक तास ओळखीच्या माणसाला झोपेतून उठवण्यात जातो. त्या दिवसाचा बाजार बुडाला तर नुकसान कोणी भरून देत नाही. म्हणून या अंकात आम्ही थंडीच्या दिवसांतील गाडीच्या देखभालीविषयी माहिती देत आहोत. ही माहिती ज्यांची गाडी घरची आणि मेकॅनिक गल्लीतला आहे अशा साध्या गाडीवाल्यांसाठी आहे. आमच्या वाचकांत गॅरेजवालेही पुष्कळ आहेत. त्यांना यात नवे थोडेच सापडेल, पण गिऱ्हाइकाला वाचून दाखवायला ते उपयोगी पडावे.

कसबा पेठेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा ही कारागिरांची वस्ती जुनी, गल्ल्या अरुंद आणि गाडी ठेवायला घरात जागा नाही. पूर्वी माल हातगाडीवर आणि डोक्यावर जायचा. आता तीनचाकी टेम्पो, २००५ पासून बाजारात आलेला 'छोटा हत्ती', जुनी व्हॅन, नाहीतर मागे कॅरिअर बसवलेली स्कूटर यांवर सगळा व्यवहार चालतो. २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठेत मेट्रोचे स्थानक झाले ही चांगली गोष्ट आहे, परंतु तांब्याचे हंडे किंवा मातीच्या कुंड्या मेट्रोने जात नाहीत. गाडी लागतेच. ती रात्रभर उघड्यावर उभी राहते, नदी जवळ असल्याने तिच्यावर दव पडते, आणि दिवसभर ती धावते ती रविवार पेठ, बोहरी आळी, मंडई एवढ्याच टापूत. तिच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच दिनक्रमात आहे.

सुरुवात बॅटरीपासून करू. थंडीने बॅटरी मरते असा सर्वत्र समज आहे. खरे पाहता पुण्यासारख्या ठिकाणी बॅटरीला मारतो तो उन्हाळा. एप्रिल-मेच्या उष्णतेने आतले पाणी उडते, पट्ट्यांवरचा थर झिजतो आणि बॅटरी आतून अर्धी होते. उन्हाळ्यात इंजिनाचे तेल पातळ असल्याने हे लक्षात येत नाही. थंडीत दोन गोष्टी एकदम घडतात. आतली रासायनिक क्रिया मंदावल्याने बॅटरी कमी ताकद देते आणि तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. युरोप किंवा काश्मीरसारखी गोठवणारी थंडी आपल्याकडे नाही. पारा दहा अंशांच्या खाली गेला की पुणेकर कानटोपी काढतात, इतकेच. चांगली बॅटरी एवढ्या थंडीला दाद देत नाही. थंडी फक्त आधीच थकलेली बॅटरी उघडी पाडते.

त्यात भर पडते आपल्या छोट्या फेऱ्यांची. गाडी एकदा सुरू करायला बॅटरीतून जो खर्च होतो तो तसा थोडा असतो. पण दिवसातून पंधरा वेळा गाडी बंद-सुरू करायची, दोन फेऱ्यांमध्ये ती अर्धा किलोमीटरच चालवायची, त्यातही निम्मा वेळ गर्दीत मंद इंजिनावर उभे राहायचे, वर दिवे, हॉर्न आणि मोबाईलचे चार्जिंग चालू ठेवायचे, असे केले तर डायनॅमोला बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी. मार्केट यार्डला किंवा हडपसरला जायचे काम असेल तर ते याच गाडीने करावे.

बॅटरीची तब्येत मोजता येते. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मीटर लावला तर पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दाखवले तर ती निम्मी रिकामी आहे असे समजावे. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तो त्याखाली असेल तर दोष बॅटरीचा नसून डायनॅमोचा किंवा त्याच्या सैल पट्ट्याचा असण्याची शक्यता जास्त. हे न पाहताच नवी बॅटरी घेणारे पुष्कळ आहेत आणि महिन्याभराने ते पुन्हा तिथेच उभे असतात. तसा मीटर आता कोणत्याही इलेक्ट्रिक वस्तूंच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तेव्हा एक घेऊन ठेवावा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमते. तांब्यावरचा कळंक काय असतो हे तांबट आळीत कोणाला शिकवायचे? हाही तसाच प्रकार आहे आणि त्याने वीज अडते. आधी ऋण टोकाची वायर सोडावी, मग धन. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातघाशीने टोके घासावीत, कोरडी करावीत, वायर घट्ट बसवून वर थोडे व्हॅसलीन लावावे. जोडताना आधी धन आणि शेवटी ऋण. झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाचे कदापि नाही. आणि हे काम चालू असताना जवळ विडी, काडी किंवा भट्टी नसावी, कारण भरणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. जुनी बॅटरी दुकानात बदल्यात द्यावी, तिचे पैसे वळते होतात. घराच्या आवारात शिसे वितळवणाऱ्याला ती विकू नये. शिशाचा धूर आणि धूळ सर्वांत आधी लहान मुलांच्या अंगात जाते.

आता तेल. डब्यावर '१०-डब्ल्यू-३०' किंवा '२०-डब्ल्यू-४०' असे लिहिलेले असते. यातला 'डब्ल्यू' म्हणजे इंग्रजीतील 'विंटर', अर्थात हिवाळा. पहिला आकडा जितका लहान तितके तेल थंडीत लवकर वाहते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला घट्टपणा सांगतो. गाडीच्या पुस्तिकेत जे तेल दिले आहे तेच घालावे. जुनी गाडी म्हणून मुद्दाम घट्ट तेल घालायची पद्धत आहे. त्याने धूर कमी दिसतो हे खरे, परंतु पहाटेच्या पहिल्या काही क्षणांत ते वरपर्यंत पोहोचत नाही, आणि इंजिनाची झीज त्याच क्षणांत जास्त होते. सुरू केल्या केल्या 'घुर्र घुर्र' करून ॲक्सिलरेटर दाबण्याची सवयही अशीच सोडून देण्यासारखी आहे. चोक ओढायच्या गाड्या होत्या तेव्हा दहा मिनिटे गाडी तापवत ठेवावी लागे. आता इंजेक्शनच्या गाडीला अर्धा ते एक मिनिट पुरते. मग पहिले दोन-तीन किलोमीटर दमाने चालवावी, इंजिन चालता चालता तापते. डिझेल गाडीत मात्र चावी फिरवल्यावर हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच सेल्फ मारावा. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. दोन प्रयत्नांत थोडी विश्रांती द्यावी.

सीएनजीवाल्यांसाठी एक खास सूचना. बहुतेक सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि तापल्यावर गॅसवर जातात. पैसे वाचवण्यासाठी पेट्रोलची टाकी कायम कोरडी ठेवणारे चालक आम्ही रोज पाहतो. थंडीत तीच गाडी सुरू होत नाही, शिवाय पेट्रोलचा पंप कोरडा फिरून जळतो तो वेगळा. टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल असू द्यावे आणि ते महिनोन्महिने शिळे होऊ न देता मधूनमधून वापरावे. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाब-तपासणी चुकवू नये.

रेडिएटरमध्ये नुसते पाणी घालणे ही आपल्याकडची फार जुनी काटकसर. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा सवाल केला जातो. परंतु कूलंट गंज रोखतो, क्षार बसू देत नाही आणि पाण्याचा उकळबिंदूही वाढवतो. खंबाटकी घाट चढताना भरलेल्या टेम्पोला याची गरज डिसेंबरातही असतेच. गाडी गरम होते म्हणून उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर तो परत बसवून घ्यावा. तो नसला तर थंडीत इंजिन पुरेसे तापतच नाही, इंधन जास्त जाते आणि तेलात ओल राहते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये हे सर्वांना ठाऊक आहे, तरीही दरवर्षी कोणाचा तरी हात भाजतोच.

टायरच्या हवेचा हिशोब थंडीत हमखास चुकतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब साधारण एक पौंडाने कमी होतो. पुण्यात दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा-बारा अंश असा फरक या दिवसांत नेहमीचा. म्हणजे दुपारी, तेही गाडी चालवून टायर तापलेले असताना ३० पौंड भरलेली हवा पहाटे २६ च्या आसपास येते. माल लादलेली गाडी अशा हवेवर निघाली की टायरच्या कडा झिजतात, बाजू तापते आणि महामार्गावर तो फुटण्याचा धोका वाढतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि पुस्तिकेत ओझ्यासाठी दिलेला आकडा ठेवावा. स्टेपनीचीही तपासावी, ती नेहमी विसरली जाते. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर कायद्यानेही तो बाद आहे. सेकंडहँड टायर घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडे पाहावेत. '२३२१' असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली पण रबर सात-आठ वर्षांचे, असा माल बाजारात बराच असतो.

इथपर्यंतच्या चुकांनी पैसा जातो. यापुढे लिहितो आहोत त्या चुकांनी माणूस जातो.

महाराष्ट्रात थंडी आणि ऊस गाळपाचा हंगाम एकाच वेळी येतो. भुईंज, बारामती, दौंड या टापूतील रस्त्यांवर रात्री उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, ऊस बाहेर आलेला असतो आणि मागे दिवा तर नसतोच, रेडियमची पट्टी असली तरी ती पाचटाने झाकलेली किंवा चिखलाने माखलेली असते. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. समोरून कोणी फुल लाईट मारला आणि डोळे दिपले की तेवढ्यात ट्रॉली अंगावर येते. पहाटे नदी-कालव्यांच्या भागात धुकेही असते. अशा रस्त्यावर जितके अंतर दिसते तितक्यात गाडी थांबेल एवढाच वेग ठेवावा. धुक्यात फुल लाईट लावू नये. उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो, म्हणून डिपरवरच चालावे. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवू नये, मागच्याला आपण वळतो आहोत की थांबलो आहोत हे कळत नाही. उसाच्या वाहनाचा मालक पट्टी लावत नाही हे खरे, पण आपल्या टेम्पोच्या मागे तरी काय स्थिती आहे? एक दिवा गेलेला, दुसऱ्यावर ताडपत्री आलेली. निघण्यापूर्वी एकाला मागे उभे करून ब्रेक दाबावा आणि दिवे पाहून घ्यावेत. काच आतून धुरकट होत असेल तर एसी काचेवर सोडावा. एसी नसेल तर दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात. वायपरचे रबर उन्हाने कडक झाले असेल तर बदलावे, आणि धूळ-दव बसलेल्या काचेवर पाणी न टाकता ते चालवू नये.

जत्रेला गेलेले बरेच जण रात्री गाडीतच झोपतात. थंडी वाजते म्हणून काचा बंद करून इंजिन चालू ठेवणे किंवा आत शेगडी घेणे जिवावर बेतते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, गुंगी येते आणि माणसाला जागच येत नाही. घोंगडी आणखी एक घ्यावी, पण बंद गाडीत विस्तव किंवा चालू इंजिन नको.

वाटेत गाडी बंद पडलीच तर ती रस्त्याच्या अगदी कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि लाल त्रिकोण गाडीच्या पन्नास-साठ पावले मागे ठेवावा. आपण मात्र गाडीच्या मागे उभे न राहता रस्त्याच्या बाहेर, कठड्यापलीकडे थांबावे. दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडायची असल्यास धनाला धन जोडावे, आणि ऋणाची वायर बंद गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोठेही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ते मोबाईलमध्ये तर असावेतच, पण बॅटरी उतरलेला मोबाईल अशा वेळी कामाला येत नाही, म्हणून गाडीतही ठळक अक्षरांत लिहून चिकटवावेत.