सड्याची लाल माती आणि तिला हात लावणारी माणसे

जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रातील चार ठिकाणे त्या यादीत आली. कास पठार, कोयना, चांदोली आणि आपले राधानगरी. कोल्हापुरात त्याचा आनंद झाला आणि तो रास्तही होता. पुढे नऊ वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, त्याच यादीत ब्रिटनमधील वेल्स या लहानशा डोंगराळ मुलखातील स्लेट दगडाच्या खाणींची खोरी आली. घराच्या छपराला वापरतात तो काळसर, पातळ पापुद्रे निघणारा दगड म्हणजे स्लेट. आपल्या शाळेतली पाटी त्याच दगडाची असे.

दोन्ही मुलूख डोंगराचे, दोन्हीकडे पाऊस मुबलक, दोन्हीकडे डोंगर फोडून माणसे जगलेली. पण नोंद करताना फरक पडला. राधानगरीच्या नावावर गवा, जंगल, दुर्मीळ वनस्पती आणि बेडूक लागले. वेल्सच्या नावावर दगड फोडणारे कामगार, त्यांची घरे, त्यांची प्रार्थनागृहे, त्यांचे रूळ आणि त्यांची भाषा लागली. गव्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न एवढाच आहे की, आपल्या खोऱ्यात दगड फोडणारी माणसे नव्हती काय?

कोल्हापुरातून राधानगरीकडे निघाले की परिते, भोगावती साखर कारखाना, मग उसाची पट्टी मागे पडते आणि दोन्ही अंगांना डोंगर जवळ येऊ लागतात. भोगावती नदीवर राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरणाचे काम हाती घेतले. पैशाअभावी ते मध्येच थांबले आणि स्वातंत्र्यानंतर, १९५७ च्या सुमारास पुरे झाले. धरणाच्या वरच्या अंगाला दाजीपूरचे जंगल. हा इतिहास शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. पण मान वर करून पाहिले तर डोंगरांचे माथे टोकदार दिसत नाहीत, कोणी सुरीने कापून सपाट केल्यासारखे दिसतात. त्या सपाट माथ्यांना आपण सडा म्हणतो. खाणीची गोष्ट या सड्यावर आहे.

सड्याचा दगड म्हणजे जांभा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ लाखो वर्षे पावसात भिजत आणि उन्हात तापत राहिला. त्यातली वाळूची द्रव्ये आणि चुना पाण्याबरोबर वाहून गेला. लोखंड आणि अॅल्युमिनियम तेवढे मागे उरले. लोखंड जास्त तिथे लाल जांभा झाला, अॅल्युमिनियम जास्त तिथे फिकट गुलाबी किंवा पांढुरका बॉक्साइट झाला. बॉक्साइट हे नाव फ्रान्समधील ले बो या गावावरून पडले, १८२१ मध्ये तिथे ते ओळखले गेले. ज्या मातीला आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या नापीक म्हणत आली, तिला परक्या गावाचे नाव मिळाल्यावर किंमत आली, हा एक गमतीचा भाग.

डोंगर पोखरणे हे काम या जिल्ह्याला नवे नाही. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंच्या निवासाच्या त्या खोल्या कोणीतरी छिन्नी-हातोड्याने खोदल्या. त्यांची नावे कुठे नाहीत. पुढच्या काळातले कारागीर म्हणजे धावड. जांभ्यातले लोहयुक्त खडे गोळा करायचे, कोळशाच्या भट्टीत टाकायचे, कातडी भात्याने वारा घालायचा आणि लोखंड काढायचे, हा त्यांचा धंदा. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरात विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या भागांत लोहखनिज असल्याची आणि पूर्वी येथे लोखंड गाळले जात असल्याची नोंद आहे. विलायती लोखंड स्वस्त पडू लागले आणि भट्ट्या विझल्या. धावडांचे नाव गॅझेटियरात आले तरी. पण त्यांच्या भात्याचे कातडे कमावणारे हात कोणाचे होते? मेलेले जनावर ओढण्याची सक्ती कोणावर होती? ते नाव त्या पानावर शोधायला जाऊ नये.

लोखंड गेले, मग जवळजवळ शंभर वर्षांनी बॉक्साइट आले. १९७० च्या सुमारास बेळगावला इंडियन अॅल्युमिनियम कंपनीचा, म्हणजे इंडालचा, कारखाना सुरू झाला. ही कंपनी पुढे हिंडाल्कोत विलीन झाली. या कारखान्याला राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडच्या सड्यावरून बॉक्साइट जाऊ लागले. शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांतही खाणी निघाल्या. ही खाण कोळशाच्या खाणीसारखी जमिनीच्या पोटात उतरत नाही. वरची माती आणि जांभ्याचा थर काढायचा, सुरुंग लावायचा, दगड फोडून निवडायचा, गाडीत भरायचा. साधारण चार टन बॉक्साइटमधून दोन टन अल्युमिना नावाची पांढरी भुकटी निघते आणि दोन टन भुकटीतून एक टन अॅल्युमिनियम. बाकी उरतो तो लाल चिखल. म्हणजे ट्रकमधून घाट उतरणाऱ्या चार ढिगांतला एकच ढीग धातू होतो, बाकीचे तीन नुसतेच प्रवास करतात.

सड्याचा आणखी एक गुण वाडीवरच्या बाईला शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो पिऊन घेतो आणि खाली घट्ट कातळ लागला की डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने सोडतो. वाड्या-वस्त्या त्या झऱ्यांच्या आधाराने वसलेल्या आहेत. थर काढला तर पाणी धरून ठेवणारा स्पंजच काढला, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. पर्यावरणाची मंडळी सड्यावरच्या फुलांसाठी आणि कीटक खाणाऱ्या वनस्पतींसाठी हळहळतात. त्यांचे काम मोलाचे आहे. पण घागर घेऊन लांबच्या पाण्याला कोणाला जावे लागते आणि गावच्या पाणवठ्यावर कोणाला शेवटी उभे केले जात असे, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

घागरीवरून भांड्यांची गोष्ट निघते. अॅल्युमिनियमच्या भांड्याला आपल्याकडे जर्मनचे भांडे म्हणतात. श्रीमंताच्या फडताळात तांब्या-पितळेची चळत आणि बौद्धवाड्यात चुलीवर काळे पडलेले जर्मनचे पातेले, हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना अजून आठवत असेल. पण हे पातेले म्हणजे साधी वस्तू नव्हती. मनुस्मृतीने चांडाळांसाठी फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने ठरवून दिले होते. १९३५ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी अस्पृश्य समाजाच्या काही स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी ही घटना ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. स्वस्त धातू आला आणि धातूचे भांडे गरिबाच्याही घरी आले. सड्यावरचा दगड कुठल्या कुठे जाऊन, पांढरा होऊन, पातेले बनून पुन्हा खोऱ्यातल्या चुलीवर आला. हाही या खोऱ्याच्या खाणीचाच इतिहास आहे, आणि तो आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे.

खाणीतल्या माणसाकडे सरकारी खुर्चीवरून पाहणारे पहिले मोठे नाव आपल्या घरचे आहे, हे मात्र आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादकडच्या कोळसा खाणींची पाहणी केली, स्वतः खाणीत उतरले, कामगारांची घरे पाहिली. लगेच जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतल्या बाळंतिणीच्या भत्त्याच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. १९४६ मध्ये खाणींतील पाळणाघरांचे नियम झाले. बाई दगड फोडते तेव्हा तिचे मूल कुठे असते, हा प्रश्न त्याआधी कोणत्या मंत्र्याला पडला होता?

या काळातली एक गोष्ट अवघड आहे आणि ती लपवू नये. युद्धात कोळसा कमी पडू लागला, म्हणून १९४३ मध्ये स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी सरकारने उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यावर कडक टीका झाली आणि उत्तर देण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. हा निर्णय नाइलाजाचा आहे, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळावी हे तत्त्व या वेळी मान्य केले आहे, हेही त्यांनी सभागृहापुढे ठेवले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. टीका करणाऱ्यांचेही चुकले नव्हते, असे मला वाटते. पण सारख्या कामाला सारखी मजुरी हा शब्द त्या सभागृहात खाणीतल्या मजूर बाईच्या निमित्ताने उच्चारला गेला, हे विसरून चालणार नाही.

आता पुन्हा वेल्सकडे जाऊ. तिथल्या पेन्‌रिन खाणीचे मालक घराणे आधीच श्रीमंत होते, आणि ती श्रीमंती जमैकातील उसाच्या मळ्यांवर, गुलामांच्या श्रमावर उभी होती. तो पैसा डोंगरात आला. नोव्हेंबर १९०० मध्ये या खाणीतले सुमारे २,८०० कामगार काम सोडून बाहेर पडले, आणि तो लढा तीन वर्षे चालला. ‘या घरात फितूर नाही’ अशी पाटी लोकांनी खिडकीत लावली होती. लढा हरला. कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. तरी ती पाटी आज त्या मुलखाच्या अभिमानाची खूण आहे. यशापेक्षा ठाम राहण्याची आठवण लोकांनी जपली.

मला अधिक भावते ते त्यांचे ‘कॅबन’. खाणीत जेवायला बसण्याची दगडी खोपटी. दुपारच्या सुट्टीत तिथे नुसती भाकरी मोडली जात नसे. वाचलेल्या पुस्तकावर बोलणे, वादविवाद, गाणे, कवितेची स्पर्धा, युनियनची चर्चा असे सारे चाले. काही ठिकाणी त्याचे रीतसर इतिवृत्त लिहिले जाई. १८८४ मध्ये बँगोर येथे महाविद्यालय निघाले तेव्हा या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पै-पैसा काढून दिला. स्वतः पाटीचा दगड फोडणाऱ्यांनी मुलांच्या हाती पाटी दिली. आपल्या वस्तीतही विहारासाठी, वाचनालयासाठी, जयंतीसाठी रोजंदारीतून वर्गणी निघाली आहे. ती काही कमी तोलाची नाही. त्यांच्याकडे इतिवृत्त राहिले, आपल्याकडे वर्गणीची वही कोणाच्या तरी ट्रंकेत पडून राहिली, एवढेच अंतर. त्यांची दिनॉर्विकची खाण १९६९ मध्ये बंद पडली आणि तीनच वर्षांत तिच्या कारखान्याचे संग्रहालय झाले.

आपल्या सड्यावर संग्रहालय उभारा, अशी मागणी मी करीत नाही. इमारती पुष्कळ उभ्या राहतात आणि कुलूप लागून पडतात. मी कारकून माणूस, मला कागद दिसतात. खाण कायद्याच्या नियमांनुसार प्रत्येक खाणीत कामगारांची नोंदवही ठेवावी लागते. तिच्यात नाव, वय, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, कामाचा प्रकार आणि कामावर लागल्याची तारीख असते. ज्या माणसाचे नाव सातबाऱ्यावर कधी आले नाही, त्याचे नाव या वहीत असू शकते. घरोघरी ओळखपत्रे असतील, भविष्यनिर्वाह निधीच्या चिठ्ठ्या असतील, प्रशिक्षणाचे दाखले असतील, एखादा गटाचा फोटो असेल. हे घर सारवताना-रंगवताना पहिल्यांदा चुलीत जाते. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या तरुण मंडळांनी वर्षावासात एकेक वाडी घ्यावी, ज्येष्ठांकडून खाणीतल्या हत्यारांची, जागांची, अपघातांची नावे आणि हकिगती लिहून घ्याव्यात, कागदाची झेरॉक्स काढून मूळ कागद घरच्यांना परत द्यावा. म्हाताऱ्या बायकांकडे आधी जावे. पुरुष युनियनची गोष्ट सांगतील, बायका पाण्याची आणि पोरांची सांगतील, दोन्ही लागते.

दुसरे काम पैशाचे. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन होते आणि खाणपट्टाधारकाने स्वामित्वधनाशिवाय वेगळी रक्कम त्यात भरायची असते. ती खाणबाधित गावांच्या पिण्याच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर, महिला व बालकांवर प्राधान्याने खर्च व्हावी असा नियम आहे. बाधित गावांच्या यादीत आपल्या वाडीचे नाव आहे का, असल्यास आजवर काय खर्च झाला आणि ते काम बौद्धवाड्यापर्यंत व धनगरवाड्यापर्यंत पोचले का, हे ग्रामसभेत विचारता येते. ग्रामसभेत दाद लागली नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म शाखेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. अर्जात खाणपट्ट्याची मुदत, क्षेत्र, बाधित गावांची यादी आणि वर्षवार खर्च असे चार मुद्दे वेगवेगळे लिहावेत, एकत्र लिहिल्यास उत्तर मोघम येते. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.