मराठ्यांचे आरमार : रूढ समज आणि वस्तुस्थिती

मराठ्यांच्या इतिहासाचे वाचक घाटमाथ्यावरील घोडदौडीत इतके रमलेले असतात की, त्याच राज्याच्या पश्चिमेस एक दर्या होता आणि त्यावर जकातीचे व युद्धाचे रोकडे हिशेब चालत होते, याचे स्मरण त्यांना क्वचितच होते. आणि जेव्हा होते, तेव्हा सोबत दोनचार जुने गैरसमजही येतात.

पैकी पहिला समुद्रगमनाच्या निषेधाचा. धर्मशास्त्रात तसा निषेध आढळतो हे खरे. पण कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या दर्यावर पोट भरले, तेथे त्याचा अंमल कधी बसलाच नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी आरमारास हात घातला, १६६४ मध्ये मालवणनजीकच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले आणि १६६५ च्या फेब्रुवारीत स्वतः जहाजांतून जाऊन बसरूर लुटले. या आक्षेपास एवढे उत्तर पुरे.

दुसरा समज असा की, जहाजे लहान, म्हणून आरमार दुबळे. भर समुद्रात मोठ्या तोफांच्या इंग्रजी जहाजाशी समोरासमोर झुंजणे आपल्या गुराब जातीच्या जहाजांना जड जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कोकणचा किनारा म्हणजे खाड्या, खडक आणि उथळ पाणी. आणि उथळ बुडाचे, वल्ह्यांवर चालणारे गलबत वारा पडला असताही जेथे शिरे, तेथे खोल बुडाच्या जहाजास पाय ठेवता येत नसे. १६७९ मध्ये खांदेरी बेटाची तटबंदी चालू असता इंग्रजांनी नाकेबंदी केली, तेव्हा याचा प्रत्यय आला. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांची गलबते नागावकडून वल्हवीत चालून आली. 'डव्ह' नावाच्या नौकेने निशाण उतरविले, इतर पांगल्या, आणि एकट्या 'रिव्हेंज' जहाजाने उलट मारा करून गलबतांस मागे रेटले खरे, पण गलबते नागावच्या उथळ पाण्यात शिरताच 'रिव्हेंज'चाही पाठलाग थांबला. सामानाच्या होड्या रात्रीच्या अंधारात बेटास लागतच राहिल्या, आणि १६८० च्या आरंभी मुंबईकर इंग्रजांनी तह करून खांदेरीचा नाद सोडला.

जहाजे लहान असली, तरी त्यांचा खर्च लहान नव्हता : हे आरमार पावसाळ्यात किनाऱ्यास ओढून ठेवावे लागे, त्यास दरसाल डागडुजी लागे, आणि त्यासाठी लाकूड हवे असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त याविषयीची ताकीद वाचण्याजोगी आहे : आंबा-फणसाची लाकडे आरमाराच्या कामाची असली, तरी रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये, एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर मालकास राजी करून व मोबदला देऊनच तोडावे. लष्करी गरजेस इतकी मर्यादा घालणारा दस्तऐवज त्या काळी विरळाच.

सर्वांत चिवट गैरसमज कान्होजी आंग्रे चांचा होता हा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज या समुद्रावर आपल्या परवान्यावाचून व्यापारी जहाजास फिरू देत नसत, आणि परवाना नसेल ते जहाज धरीत. त्याला कोणी दरोडा म्हटले नाही. छत्रपतींच्या सरखेलाने, म्हणजे आरमारप्रमुख कान्होजीने, तोच दस्तकाचा, म्हणजे परवान्याचा, अंमल आपल्या पाण्यात बसविला, तेव्हा मात्र तो गुन्हा ठरला! १७१३ च्या तहाने शाहू महाराजांच्या सरकारातून त्याचे सरखेलपद व किल्ले कायम झाले होते, म्हणजे त्याच्या अधिकारास सनदेचा आधार होता. इंग्रजांशी झालेल्या तंट्याचे खरे मूळ हे की, हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली नेला तर त्यास दस्तक लागावे की नाही. यात पैसा दोन्ही पक्षांचा गुंतलेला होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजीच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. त्याच कान्होजीचे नाव आज मुंबईतील भारतीय नौदलाचा 'आंग्रे' तळ वागवीत आहे.

राहता राहिला शेवटचा समज : १७५६ मध्ये विजयदुर्गास कान्होजीचा मुलगा तुळाजी आंग्रे याचे आरमार जळाले, हा इंग्रजी पराक्रम म्हणून सांगतात. अ‍ॅडमिरल वॉटसनच्या तोफेचा गोळा पूर्वी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडून हस्तगत केलेल्या एका जहाजावर पडला आणि आग एकमेकांस जखडलेल्या जहाजांतून पसरत गेली, हे खरे. पण ही मोहीम पेशव्यांच्या संमतीने आणि जमिनीवरून त्यांच्याच फौजेच्या साहाय्याने झाली होती, हे सोयीने गाळले जाते. शिवाय आरमार तेथे संपलेही नाही : १७८३ च्या एप्रिलात पेशव्यांचा सरदार आनंदराव धुळप याने कंपनीचे 'रेंजर' जहाज लढून घेतले आणि ते विजयदुर्गासच आणले.