सरोवराकाठची पावले

दक्षिण कोलकात्यात पहाट उजाडू लागली की ढाकुरिया आणि साउदर्न अ‍ॅव्हेन्यूच्या परिसरातून काही संथ पावले रवीन्द्र सरोवराकडे वळतात. कुणाच्या हाती काठी असते. थंडीच्या दिवसांत कुणाच्या मस्तकी कानटोपी. साठी-सत्तरी उलटलेल्या या मंडळींचा फेरफटका म्हणजे रिकामा वेळ घालविण्याचे साधन, असे तरुणांस वाटते. वस्तुतः तो स्वावलंबन टिकविण्याचा एक शांत प्रयत्न असतो.

हे सरोवर मानवनिर्मित आहे. १९२० नंतरच्या दशकात कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने येथील सुमारे १९२ एकर दलदलीची जमीन ताब्यात घेतली. परिसर वस्तीयोग्य करावा, हा हेतू होता. सखल भूमी उंचावण्यात आली आणि खोदकामातून सुमारे ७३ एकरांचा जलाशय सिद्ध झाला. १९५८ साली त्यास रवीन्द्रनाथांचे नाव देण्यात आले. तथापि जुन्या रहिवाशांच्या तोंडी अद्याप ‘लेक’ हाच शब्द आहे.

वृद्धापकाळी स्नायूंचे बळ घटते, तोल सावरण्याची शक्ती मंदावते. एकदा पाय घसरला की मनात भीती घर करते. भीतीमुळे माणूस घरी बसतो, बसल्याने पाय अधिक दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांमुळे भीती वाढते. हे दुष्टचक्र भेदण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे नियमित चालणे. पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, शिवाय तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायाम करावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास चालले तरी पहिला भाग साधतो. मध्यम श्रमाची खूणही सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. छातीत कळ आली वा भोवळ आली, तर मात्र तत्काळ थांबून वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

त्यासाठी तळ्याचाच काठ का? येथे चढ-उतार नसतात, वाहनांची धास्ती नसते. शिवाय दम लागला की पाणकावळा पाहण्याच्या निमित्ताने थांबता येते; थकवा कुणापाशी कबूल करावा लागत नाही. वार्धक्यात ही सवलत लहान नव्हे.

परंतु सर्वांत मोठा लाभ सोबतीचा. रोजच्या वाटेवर प्रथम नमस्कार घडतो, मग ओळख जुळते, पुढे एकमेकांची वाट पाहिली जाते. मुले परगावी आणि घरात एकटेपण, अशा वृद्धाचे नित्याचे बाक दोन दिवस रिकामे दिसले, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारावर थाप मारतो. या चौकशीचे मोल औषधाहून उणे नसते.

म्हणून काठावरील उखडलेली फरशी वा विझलेला दिवा ही किरकोळ बाब समजू नये. तरुण तेथून उडी मारून पुढे जातो. वृद्ध मात्र दुसऱ्या दिवशी घराबाहेरच पडत नाही. नगराने वाट नीट राखली, तर ती पावले उद्याही सरोवराकडे वळतील.