भोपळ्याचे मसालेदार स्कोन

स्कोन हा मूळ स्कॉटलंडचा, यीस्टशिवाय होणारा छोटा पाव. पूर्वी तो तव्यावर भाजत. अल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनज्ञाने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली आणि पुढे ओव्हनमध्ये फुगणारा आजचा स्कोन घरोघरी होऊ लागला. त्यात भोपळा घालण्याची रीत ऑस्ट्रेलियात विशेष रुजली. क्वीन्सलँडच्या सिनेटर फ्लॉरेन्स ब्येल्के-पीटरसन यांच्या हातचे भोपळ्याचे स्कोन तर देशभर गाजले. ते गोल, मऊ आणि बिनमसाल्याचे. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग घातलेला त्रिकोणी स्कोन मात्र अमेरिकेचा. हा मसाला तिथल्या भोपळ्याच्या पायमधून आला.

या पदार्थाचे यश ठरते ते भोपळ्यातल्या पाण्यावर. लाल भोपळ्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. घारग्यांसाठी त्याच ओलाव्यात पीठ भिजवतात, वरून पाणी लागत नाही. इथे तेवढा ओलावाही जास्त होतो. म्हणून फोडी कुकरच्या भांड्यात पाणी न घालता वाफवाव्यात, गर घोटून कढईत मंद आचेवर आटवावा. चमच्यावरून ओघळणार नाही इतका तो घट्ट झाला की फ्रिजमध्ये पूर्ण गार करावा. गार करण्याची पायरी गाळू नये. गर कोमट राहिला तर बटर पिठातच वितळते आणि स्कोन थुलथुलीत, तेलकट होतात.

आठ स्कोनसाठी २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम साखर, अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, एक चमचा दालचिनीपूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ आणि दोन लवंगांची पूड एकत्र चाळावी. लवंग याहून वाढवू नये, ती बाकी सगळ्यांवर मात करते. त्यात ९० ग्रॅम गार बटर किसून बोटांच्या टोकांनी चोळावे. वाटाण्याएवढे काही खडे राहिलेच पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. मुंबई-कोकणातल्या उकाड्यात मैदाही आधी फ्रिजमध्ये ठेवलेला बरा.

मग १२० ग्रॅम गर, एक अंडे आणि दोन मोठे चमचे दूध फेटून त्यात घालावे. अंडे नको असेल तर तीन मोठे चमचे घट्ट दही चालते. पीठ जेमतेम गोळा होईल एवढेच एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे मळले की ग्लुटेन ताणले जाते आणि स्कोन चिवट होतात. पीठ कोरडे वाटले तरच चमचाभर दूध आणखी घालावे, कारण प्रत्येक भोपळ्याचा ओलावा वेगळा असतो.

गोळा थापून अडीच सेंटीमीटर जाडीची चकती करावी. धारदार सुरीने, सुरी न घासता, सरळ दाबून आठ त्रिकोण कापावेत. कडा चेपल्या की ते नीट फुगत नाहीत. पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून, आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला पंधरा ते अठरा मिनिटे भाजावेत. भोपळ्यामुळे रंग आधीपासूनच केशरी असतो, तेव्हा केवळ वरच्या रंगावर न जाता तळ तपकिरी झाला का तेही पाहावे.

स्कोन त्याच दिवशी खावेत, दुसऱ्या दिवशी ते वातड लागतात. जास्तीचे त्रिकोण कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तेव्हा न वितळवता, दोन-तीन मिनिटे जास्त देऊन भाजावेत.