बिगोनियाला पाणी किती घालावे?

देवनारला आमच्या ओळखीचे एक कुटुंब राहते. खोली लहान, पण खिडकी पूर्वेची. घरातल्या सूनबाईंनी हौसेने बिगोनियाचे रोप आणले. तांबूस पाने, गुलाबी फुले. तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यांनी ते लावले. रोज सकाळी तांब्याभर पाणी. पंधरा दिवसांत झाडाने मान टाकली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तहानलं असंल बिचारं. घाल की पाणी."

सूनबाईंनी आणखी पाणी घातले. चार दिवसांत देठ मऊ पडले आणि झाड आडवे झाले.

आम्ही गेलो तेव्हा डबा उपडा केला. खाली काळा चिखल, कुजका वास. डब्याला भोकच नव्हते! झाड तहानेने गेले नव्हते. पाण्याने गेले होते.

असे का होते?

मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा असते. पाणी साचले की ही हवा निघून जाते. मुळे गुदमरतात, कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणून चिखलात उभे असूनही झाड तहानलेले दिसते. आपण फसतो आणि आणखी पाणी घालतो.

शेतात पाणी तुंबले की मिरचीचे रोप पिवळे पडते. तुम्ही ते पाहिलेच असेल. तसेच हे. बिगोनिया म्हणजे काही भात नव्हे!

हे झाड कुठले?

बिगोनियाच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. बहुतेक जाती उष्ण आणि दमट मुलखातल्या. बेगाँ नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्यावरून हे नाव पडले. पण झाड आपल्याला परके नाही बरं का. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळाकडे नीट पाहा. शेवाळात एक-दोन पाने आणि नाजूक गुलाबी फुले दिसतील. पानाची एक बाजू मोठी, दुसरी लहान असेल. तोही बिगोनियाच.

घाटात पाऊस धो धो पडतो. मग हे झाड कुजत का नाही? कारण कातळावर पाणी थांबत नाही, वाहून जाते. मुळाशी ओल राहते, चिखल होत नाही. सावली असते, हवा दमट असते. घरी आपण एवढेच करायचे.

घरी कसे लावावे?

डब्याच्या बुडाला तीन-चार भोके पाडा. भोकांवर खापराचे तुकडे ठेवा. एक भाग माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग नारळाचा भुसा घ्या. त्यात थोडा विटेचा चुरा मिसळा. अशी माती मोकळी राहते.

खत घरीच होते. देवनारला मुंबईच्या कचऱ्याचा डोंगर १९२७ पासून साठत आला. भाजीची देठे आणि साली घरी कुजवल्या, तर झाडाला खत मिळते आणि त्या डोंगरात आपली भर पडत नाही.

पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घाला. वरची माती पेरभर कोरडी लागली, तरच पाणी घाला. ओल लागली तर थांबा. उन्हाळ्यात पाणी जास्त वेळा लागेल, पावसाळ्यात अगदी कमी. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको.

सकाळचे कोवळे ऊन चालते. दुपारच्या उन्हात पाने करपतात. अगदी अंधारात देठ लांबट आणि लुळे होतात. चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या, तर त्यांच्यामधली हवा जरा दमट राहते. पण वारा खेळू द्या. वारा कोंडला की पानांवर भुरी पडते. भुरीची पाने खुडून टाका.

दोन गोष्टी विसरू नका. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आणि लहान मुलांना हे झाड चघळू देऊ नका. तोंडाची आग होते.

मेलेल्या झाडाचे पुढे काय झाले?

त्या झाडाची शेंड्याकडची एक फांदी अजून टणक होती. आम्ही ती चार बोटे कापली. खालची पाने काढली आणि ओलसर रेतीत खोचली. महिन्याभरात तिला मुळे फुटली. मग सूनबाईंनी ती भोके पाडलेल्या डब्यात लावली. आता तिला फुले आली आहेत.

परवा सासूबाईंनी तांब्या उचलला. सूनबाई हसून म्हणाल्या, "आत्याबाई, आधी बोट घालून बघा हं!" सासूबाईंनी मातीत बोट घातले. ओल लागली. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

माया करावी, पण झाडाला काय हवे ते पाहून करावी.

सांगा पाहू :
१. मुळांना पाण्याबरोबर आणखी काय लागते?
२. पाणी घालण्यापूर्वी काय करावे?
३. ताटलीतले पाणी का फेकावे?