बिऱ्हाडकरू

6 जून 2001. लॉस एंजेलिसचं स्टेपल्स सेंटर. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला पहिलाच सामना जादा वेळेत गेलेला. फिलाडेल्फियाचा ॲलन आयव्हर्सन यजमान लेकर्सच्या बाकासमोर चेंडू घेऊन येतो, हुलकावणी देतो, मागे सरकतो आणि चेंडू थेट जाळीत टाकतो. त्याला अडवणारा टायरॉन लू तोल जाऊन खाली पडलेला. आयव्हर्सन त्याच्याकडे एकदा बघतो आणि उंबरठा ओलांडावा तसा त्याला ओलांडून निघून जातो.

आपल्याकडे झोपलेल्या पोरालाही कोणी ओलांडत नाही. उंची खुंटते म्हणतात. लूची उंची मुळात सहा फूट, म्हणजे या लीगच्या मानाने तो बुटकाच. आयव्हर्सनने त्या रात्री 48 गुण केले आणि फिलाडेल्फियाने सामना 107-101 असा जिंकला. पुढचे चारही सामने जिंकून लेकर्सने मालिका खिशात घातली, लूला लागोपाठ दुसरं विजेतेपद मिळालं. तरी वर्षानुवर्षं त्याची ओळख राहिली ती ‘ज्याला ओलांडलं तो’ एवढीच.

फिलाडेल्फियाच्या त्याच चमूत केविन ऑली नावाचा 28 वर्षांचा राखीव गार्ड होता. त्याची तर तेवढीही ओळख नव्हती. पुढे लू आणि ऑली दोघेही प्रशिक्षक झाले, दोघांनीही संघाला विजेतेपद मिळवून दिलं आणि दोघांनाही त्याच संघांनी काढून टाकलं.

सतत संघ बदलत फिरणाऱ्या खेळाडूला अमेरिकेत ‘जर्नीमन’ म्हणतात. आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते जास्त नेमकं आहे. ऑली 1995मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा एनबीएच्या एकाही संघाने त्याला निवडलं नाही. दुय्यम लीगमध्ये घाम गाळून तो 1997च्या हंगामात आत शिरला, आणि मग दहा दिवसांच्या करारांवरही खेळला. या कराराची गंमत अशी (गंमत आपल्याला, त्या खेळाडूला नव्हे), की संघात कोणी जखमी झालं की बाहेरच्याला दहा दिवसांपुरतं बोलवायचं. पटला तर आणखी दहा दिवस. त्यानंतर एक तर उरलेल्या हंगामासाठी ठेवून घ्यायचं, नाहीतर रामराम. ऑलीने असे दहा-दहा दिवस बरेच काढले.

पुढची 13 वर्षं त्याने 11 संघांत बिऱ्हाड केलं: डॅलस, ओरलँडो, सॅक्रामेंटो, शिकागो, इंडियाना, मिनेसोटा... सगळी नावं लिहीत बसलो तर रेल्वेचं वेळापत्रक होईल. 2003मध्ये मिलवॉकीने रे ॲलन हा आपला हुकमी एक्का सिअॅटलला दिला, त्या सौद्यात ऑलीही भाजीवरच्या कोथिंबिरीसारखा गेला. एवढ्या वर्षांत त्याची सरासरी सामन्याला चार गुणांच्याही आतच राहिली.

पण तो कोणाच्या शेजारी बसला ते बघा. फिलाडेल्फियात आयव्हर्सन. 2003-04च्या हंगामात क्लीव्हलँडमध्ये नुकताच शाळेतून आलेला लेब्रॉन जेम्स. आणि अखेरच्या, 2009-10च्या हंगामात ओक्लाहोमामध्ये 21 वर्षांचा केविन ड्युरंट. त्या संघाला शिस्तीचं वळण ऑलीने लावलं, असं ड्युरंटने पुढे जाहीरपणे सांगितलं. हंगामाच्या मध्यावर सदतिशी गाठलेला, मोजकीच मिनिटं मैदानात उतरणारा माणूस सरावाला मात्र कसा येतो, हे ती पोरं रोज पाहत होती.

माझं मत विचाराल तर, प्रतिभावंताला आपण काय करतो हे सांगता येईलच असं नाही, कारण त्याचं शरीरच ते करून जातं. बिऱ्हाडकरूला तशी सोय नसते. नव्या संघात गेलं की रातोरात चालींची नवी वही पाठ करायची. तीच चाल, पण प्रत्येक प्रशिक्षकाकडे तिला वेगळं नाव. त्यातून तो पॉइंट गार्ड असेल तर इतर चौघांनी कुठे उभं राहायचं हेही त्यालाच ठाऊक हवं, नाहीतर अकराव्या दिवशी पिशवी भरायची. असा माणूस पुढे चांगला प्रशिक्षक होतो, हे आपल्याला नवं नाही. क्रिकेटचे नामवंत प्रशिक्षक रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पाच कसोटी खेळलेल्या चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली विदर्भाने लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, मग मध्य प्रदेशाने पहिल्यांदा. अर्थात बाकावर बसणारा प्रत्येक जण शिकतोच असं नाही. बरेचसे नुसते बसतात.

2010मध्ये निवृत्त होऊन ऑली आपल्याच विद्यापीठात सहायक म्हणून परतला. सप्टेंबर 2012मध्ये तिथले मुरलेले प्रशिक्षक जिम कॅलहून निवृत्त झाले आणि जागा ऑलीला मिळाली. करार किती दिवसांचा? जेमतेम सात महिन्यांचा. वर आधीच्या वर्षांत खेळाडूंचा अभ्यास मागे पडल्याने संघाला त्या मोसमातल्या राष्ट्रीय स्पर्धेची दारं बंद. म्हणजे खेळा, पण कशासाठी ते विचारू नका. संघाने तरी 20 सामने जिंकले. डिसेंबरातच विद्यापीठाने ऑलीच्या हाती पाच वर्षांचा करार ठेवला.

7 एप्रिल 2014ला टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या अवाढव्य फुटबॉल स्टेडियममध्ये 79 हजार प्रेक्षकांसमोर कनेक्टिकटने केंटकीला 60-54 असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. सातवं मानांकन असलेला संघ त्याआधी कधीच जिंकला नव्हता. कनेक्टिकटच्या शबाझ नेपियरने 22 गुण केले, पण माझं लक्ष फ्री थ्रोंच्या रकान्यावर जातं. केंटकीने 24पैकी 13 टाकले. कनेक्टिकटने 10पैकी 10. फ्री थ्रोला उंची लागत नाही, उडी लागत नाही, समोर अडवायला कोणी नसतं. रिकाम्या सभागृहात एकट्याने घोटायची ती गोष्ट.

पुढचा उतार मात्र वेगाने आला. लागोपाठ दोन हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त, त्यात नियमभंगाची चौकशी. मार्च 2018मध्ये विद्यापीठाने त्याला काढलं. बडतर्फीच्या वादात 2022मध्ये लवादाने 1 कोटी 10 लाख डॉलरहून अधिक रक्कम त्याला द्यायला सांगितली.

लूची वाट वेगळी. 2009मध्ये त्याचं खेळणं थांबलं आणि बॉस्टनमध्ये प्रशिक्षक डॉक रिव्हर्सच्या हाताखाली त्याची उमेदवारी सुरू झाली. जानेवारी 2016मध्ये क्लीव्हलँडने 30 विजय, 11 पराभव अशा स्थितीत मुख्य प्रशिक्षकाला घरी पाठवून लूला बसवलं. अंतिम मालिकेत संघ 1-3 असा मागे, समोर साखळीत 73 सामने जिंकलेला गोल्डन स्टेट. सातव्या सामन्याच्या मध्यंतराला क्लीव्हलँड 42-49 असं पिछाडीवर होतं आणि लूने बोल लावला तो थेट लेब्रॉनला. सामना 93-89 असा जिंकला. शहराला 52 वर्षांनी मोठं विजेतेपद मिळालं, आणि ज्याला ओलांडलं होतं तो माणूस बाकावर चेहरा झाकून रडत होता. अडीच वर्षांच्या आत, लेब्रॉन निघून गेल्यावर पहिले सहा सामने हरले आणि लूलाही नारळ मिळाला. 2020मध्ये त्याने क्लिपर्सची सूत्रं घेतली; त्याच्या पहिल्याच हंगामात तो संघ पहिल्यांदा पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचला.

आणि ऑली? फेब्रुवारी 2024मध्ये ब्रुकलिन नेट्सने हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला. हा संघ न्यू जर्सीत होता तेव्हा ऑली त्याच्याकडून खेळला होता. त्याला हंगामी प्रशिक्षक नेमलं. 28 सामने मिळाले, 11 जिंकले, 17 हरले. एप्रिलमध्ये हंगाम संपला आणि कायमची जागा दुसऱ्याला दिली गेली.